कापसाचा दोरा

मी पाण्यात उतरत नाही.
कानाचा पडदा फाटलाय, असं सांगते;
खरं कारण भीती.
म्हणून होडीत बसून वही सांभाळते:
टायर नऊ, सायकल दीड.
अर्ध्या सायकलचाही हिशेब लागतो,
असं हॉल्वर म्हणतो. तो बँकेत होता.

मार्चमधला शनिवार. पाणी चार अंश.
फ्योर्डच्या या टोकाला ऊन
अकरा वाजता डोंगर उतरतं, एकला परत निघतं,
कोट न काढता बसून गेलेल्या पाहुण्यासारखं.
तेवढ्यात काम उरकायचं.

आस्लीग, एरवी शाळेतल्या पोरांचे दात तपासणारी,
आणि तोरुन, साठीची,
जन्मभर फेरीबोटीची इंजिनं ऐकलेली:
दोघी पाठमोऱ्या कलंडल्या आणि नाहीशा झाल्या.
वर उरले बुडबुडे,
दोन ठिकाणी मंद आचेवर ठेवलेलं पाणी.

गाव लहान. इथं कचऱ्यालाही आडनावं आहेत.
धुलाई यंत्र वर आलं तेव्हा
हॉल्वर बराच वेळ दीपस्तंभाकडे बघत राहिला.
आम्ही कोणी काही बोललो नाही.
एकदा बुडालं की गेलं, यावरच वाढलो सगळे.
समुद्राच्या पोटात काय वाटेल ते मावतं, म्हणायचे;
पोटाला कोणी विचारलं नव्हतं.

मग पिवळी हवेची पिशवी भसकन वर आली,
खाली लोंबत होता पिंजरा,
शेवाळानं जाड झालेला, आकार विसरलेला.
तोरुन त्याच्या मागोमाग आली,
मुखवटा काढला, आणि पट्टीवरचा गाळ
अंगठ्यानं पुसत राहिली.
निळ्या प्लास्टिकवर कोरलेलं नाव: आर्नफिन.

तिचे वडील. जाऊन अकरा वर्षं झाली.
पिंजरा त्याआधीच्या एका वादळात हरवलेला.
मालक गेला, दोर कुजला, बोया वाहून गेला,
पिंजऱ्याला कोणी कळवलं नाही.
एक खेकडा आत शिरायचा, मरायचा,
त्याच्या वासावर दुसरा यायचा.
आत कवचांचा थर, चमच्यानं उकरावा इतका,
आणि एक जिवंत लॉबस्टर, एकाच नांगीचा.

किती लिहू, मी विचारलं.
तोरुन म्हणाली,
"लिही, बाबांची सगळ्यात मोठी मासेमारी."
हसायचं की नाही ते कळेना.
आस्लीग हसली, मग नाक पुसत राहिली.

आता नियम आहे:
पिंजऱ्यात एक दोरा कापसाचा हवा.
हरवला तर तो कुजतो, दार उघडतं.
कुजण्यासाठीच ओवलेला दोरा.
आर्नफिनच्या काळी असलं काही नव्हतं.
त्याचा विश्वास नायलॉनवर.
त्याच्या गाठी कधी सुटल्या नाहीत,
दफनाच्या वेळी पाद्रीसुद्धा हेच बोलला होता,
आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

तोरुननं हातमोजे काढले.
उघड्या बोटांनी गाठ सोडवू लागली,
ही गाठ तिला त्यानंच शिकवलेली.
बोटं आधी लाल झाली, मग पांढरी.
आस्लीगनं सुरी पुढे केली.
तिनं घेतली नाही.
मग घेतली.

दार उघडलं तरी लॉबस्टर हलला नाही.
उंबऱ्यावर मिशा हलवत बसला,
इतकी वर्षं नसलेल्या दिशेचा अंदाज घेत.
शेवटी तोरुननं त्याला पाठीवर धरून
काठाच्या खाली, पाण्यात सोडला;
हात मात्र लगेच बाहेर काढला नाही.

वहीत रकाने तीनच: धातू, प्लास्टिक, इतर.
मी 'इतर'मध्ये एक लिहिला.
निळी पट्टी तिनं कोरड्या सूटच्या खिशात घातली.
धक्क्यावर काटा लावून वजन केलं तेव्हा
हॉल्वरनं ती मागितली नाही,
आणि बेरजेखाली, बँकेत करायचा तशी,
बारीक सही केली.
ऊन तोवर निघून गेलं होतं.