रूथबाईंकडचं फिकं

हॉस्पिटलच्या मागच्या गेटासमोर,
दोन मेडिकलांच्या मध्ये, जिथं पूर्वी झेरॉक्स होतं,
तिथं रूथ वायदंडे यांनी कॅफे काढला.
पेंटरनं पाटीवर 'आयरिश'चं 'आयरिस' केलं
आणि पहिल्याच आठवड्यात
जतहून आलेले तिघेजण डोळे तपासायला आत शिरले.
बाईंनी त्यांना चहा पाजला,
डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला.
पाटी तशीच ठेवली.

फळ्यावर खडूनं लिहिलेलं: शेफर्ड्स पाय.
हाड मोडलेल्यांचे नातेवाईक हमखास विचारत,
'बकऱ्याचे का? किती वेळ शिजवता?'
'पाय नव्हे हो दादा, पाय म्हणजे... थांबा.'
आणि ताटलीच आणून ठेवत:
खाली खिमा, वर बटाट्याची गादी,
तिच्यावर काट्यानं ओढलेल्या रेघा,
नुकत्याच नांगरलेल्या रानासारख्या.

सतरा वर्षं गोलवेला नर्स होत्या,
म्हाताऱ्यांच्या आश्रमात, रात्रपाळीला.
स्ट्यू त्यांना नोरा नावाच्या एका पेशंटनं शिकवला,
पलंगावर पडून, नुसतं बोलून.
आता कांदा. आता गाजर.
आता गप्प बस आणि झाकण उचलू नकोस.

मिरजेला हे पचेना.
'बाई, कट कुठाय?'
'एवढं चांगलं मटण, निदान मिरची दाखवायची तरी!'
बाई हट्टाच्या. पातेल्यात मिरची नाही म्हणजे नाही.
शेवटी प्रत्येक टेबलावर खर्ड्याची वाटी आली.
त्याला त्या तह म्हणत.

मीही त्या वाटीकडे बघूनच आत जाणारा.

मग अब्बांचं ऑपरेशन झालं.
पन्नास वर्षं तंबोऱ्याचे भोपळे कोरले त्यांनी,
आतून खरवडत,
नखानं वाजवून बघत, अजून किती जाड,
गालात तंबाखूची गोळी धरून.
डॉक्टरांनी तोच गाल आतून कोरला.
शुद्धीवर आल्यावर माझ्या पोरीच्या पाटीवर
त्यांनी पहिली ओळ लिहिली:
'कारागीर बरा आहे.'

तिखट बंद, गरम बंद, चावणं बंद.
आणि आमच्या घरात तर
खिरीच्या पळीलाही मसाल्याचा वास.
अम्मी भात घोटून घोटून थकली.
पाटीवर रोज एकच शब्द: नको.
चौथ्या दिवशी मी कॅफेत नुसता बसून होतो,
फाईल टेबलावर, चहावर साय धरलेली.
बाईंनी फाईल उलटी करून वाचली, न विचारता.
'कुठली बाजू?'
'उजवी.'
'मग चमचा डावीकडून. लहान चमचा. घाई नाही.'
डब्यात दिलं: लोणी-दुधात घोटलेला बटाटा,
त्यावर गाळून घेतलेला स्ट्यूचा रस.
बिलावर फक्त चहा.

अब्बांनी पहिला घास तोंडात तसाच ठेवला,
बराच वेळ.
मला वाटलं, आता पाटी मागतील.
त्यांनी डब्याच्या कडेवर नख वाजवलं,
कान दिला,
आणि पुन्हा तोंड उघडलं.

आता ते स्वतःच चालत येतात, गुरुवारी,
भिंतीकडची खुर्ची, उजवा गाल भिंतीला.
बोलणं अजून अर्धंमुर्धंच समजतं.
रूथबाईंना सगळं समजतं, किंवा
समजल्यासारखं करायला त्या गोलवेला शिकल्या असतील.

मागच्या महिन्यात अब्बांनी एक भोपळा आणला,
तडा गेलेला, तंबोऱ्याला नापास.
त्याच्या बुडाची वाटी केलेली, लाखेनं लाल चकचकीत.
खर्ड्यासाठी, म्हणाले.
निदान मी तरी तसंच ऐकलं.

ती वाटी आमच्याच टेबलावर असते.
ते तिला हात लावत नाहीत,
बोटानं माझ्याकडे सरकवतात.
मी खर्डा घेतो. जरा जास्तच घेतो.
मला घाम फुटला, नाक वाहू लागलं,
की ते समाधानानं मान हलवतात
आणि आपल्या पांढऱ्या ढिगाऱ्यात
डावीकडून चमचा घालतात.