प्रतिज्ञापत्रात न मावलेलं

वकीलबाईंनी सगळं नीट लिहून घेतलं:
मंगळवार, सकाळचे नऊ-चाळीस,
एमरेन्शिया, जोहान्सबर्ग.
अर्जदार मोथुसी रामोक्गोपा, वय एकसष्ट,
धंदा पियानो सुरात लावणे.
बाकीचं कोर्टाला नको, म्हणाल्या थिरुशा नायकर.
बाकीचं हे.

मी थांबलो होतो.
जॅकरांडाच्या जांभळ्या सड्यावर, अकरा नंबरच्या भिंतीबाहेर,
हातात चामड्याची पिशवी,
पिशवीत किल्ली, चिमटा, नमद्याच्या पट्ट्या.
आत एक पोर तोच तोच तुकडा वाजवत होती
आणि वरचा एक स्वर,
गेल्याच आठवड्यात मी लावलेला,
केसभर उतरला होता.
केसभर ऐकायला वेळ लागतो.
चार मिनिटं, म्हणे.

खांबावरच्या डोळ्याला ऐकू येत नाही.
त्याला शिकवलंय की या रस्त्यावर
माणसं गाडीतून जातात, कुत्र्यामागून जातात,
पळतात ती पळायचे बूट घालून.
नुसता उभा माणूस त्याच्या धड्यात नाही,
त्यातून माझ्या रंगाचा.
त्यानं मला लाल चौकटीत बसवलं,
चौकट गेली कंपनीच्या खोलीत,
खोलीतून पोलिसांच्या फोनवर,
आणि तिथं माझा चेहरा जुळला
कुणा लेबोहांग त्सोआएलीशी,
जो घरफोडीत हवा आहे
आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे.
शेकडा एकाहत्तर.
उरलेला एकोणतीस कोण,
ते कुणी विचारलं नाही.

सार्जंट फोर्टुइन वाईट नव्हता. चहा दिला.
पिशवीतली किल्ली उलटसुलट करून बघितली.
म्हणाला, काका, मलाही पटत नाही,
पण मशीन सांगतंय ना.
रात्रभर तेवढंच सांगत राहिलं ते.

माझ्या बापाच्या खिशात पास असायचा.
गोऱ्यांच्या वस्तीत कुणीही पोर शिपाई अडवायचा, दाखव म्हणायचा.
घरी विसरला तर कोठडी.
पण विसरता तरी यायचा!
मी जन्मायच्या आधी एका रात्री
त्यानं तो शेगडीत घातला,
जळताना पुठ्ठ्याचा वास आला म्हणे, बाकी काही नाही.
मी काय घालू शेगडीत?

आता धंद्यातली एक गोष्ट.
बारा स्वर एकमेकांशी पुरते कधीच जुळत नाहीत.
एकेक जोडी शुद्ध लावत फिरून मूळ जागी आलात
की थोडं उरतंच.
ती चूक कुणाची नसते. ती असतेच.
जुने कारागीर ती सगळी एका कोपऱ्यात ढकलत,
तो कोपरा लांडग्यासारखा ओरडायचा,
मग त्या पट्टीत कुणी वाजवायचंच नाही.
आम्ही ती वाटून घेतो:
प्रत्येक स्वर जरासा खोटा,
कुणीच फार नाही.
एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं कान झिजवले.

कंपनीचा वकील म्हणाला, चूक फार थोडी, हजारात दोन.
असेल. मी भांडत नाही.
मी फक्त विचारलं, ती दोन कुठल्या कोपऱ्यात ठेवलीत?
तो म्हणाला, ते व्यापारी गुपित आहे.
मला पिंजऱ्यात उभं करून हात वर करायला लावला होता,
खरं सांगेन म्हणून.
खांब तिथं नव्हता.
त्याच्या वतीनं एक कागद आला होता, सहीशिवाय.

पुढची तारीख मार्चमध्ये आहे.
अकरा नंबरवाल्यांनी मला पुन्हा बोलावलेलं नाही,
त्यांनी खिडकीतून गाडी पाहिली होती.
तो स्वर आणखी उतरला असणार,
आणि पोरीला वाटत असणार
आपलंच बोट चुकतंय.

मी त्याच रस्त्यानं जातो, दुसरा लांब पडतो.
पलीकडच्या कडेनं,
पिशवी पुढे धरून, दिसेल अशी.
ऐकू आलं तरी चालत राहतो.