हातचा

सव्वासहाला एल्गोइबारमध्ये
देबा नदी अजून अंधारातूनच वाहत असते
आणि गार्बिन्येच्या टेबलावर अकरा ड्रॉइंगं.
अकरा जॉब, एकासारखा दुसरा नाही.
कुणाला एकच गिअर हवा,
कुणाला असं काही, ज्याचं नाव
गिऱ्हाइकालाही धड सांगता येत नाही,
ते फोनवर हाताने आकार दाखवतं.

स्क्रीन म्हणते: ग्राइंडर मोकळा.
सोमवार ते शुक्रवार, अडतीस तास.
हिरवीगार पट्टी, गुरं सोडावीत अशी.

ओयहान दारात उभा. शब्द देऊन आलाय.
बेर्मेओच्या धक्क्याला एक बोट बांधून पडली आहे,
तिच्या शाफ्टला चीर,
आणि अँचोव्हीचा हंगाम तोंडावर.
"सोड ना. एक कार्ड तर खाली द्यायचं."

एक कार्ड.
तळहाताएवढं, पिवळं.
ते खाली गेलं की पोलाद कापलं जातं,
आणि कापलेल्या पोलादाला
मन बदलता येत नाही.

ती जिना उतरते. एकवीस पायऱ्या,
स्क्रीनला त्या ठाऊक नाहीत.
लेथच्या मागे, भिंतीला टेकून
अर्धेमुर्धे जॉब पडलेत पॅलेटवर,
एकावर कुणाचा स्वेटर, एकावर रिकामा डबा.
सगळे "एक कार्ड तर" म्हणून सोडलेले.
गंज धरलेल्या त्या फ्लँजच्या कार्डावर
सही तिचीच आहे.
तिने ते फेकू दिलेलं नाही.

केपा ग्राइंडरपाशी. चौतीस वर्षं.
बिघडणारं माप त्याला आधी कानाने कळतं.
"सोमवारी?" ती विचारते.
तो चाक थांबवत नाही,
नुसता डावा हात वर करतो. मनगटाला पट्टा.
"यंत्र मोकळं आहे," म्हणतो. "मी नाही.
सोमवारी हे उघडून शिवणार आहेत.
वर सांगितलं होतं."
वर म्हणजे कुणाला, हे दोघंही विचारत नाहीत.

मग नाहिया. सात महिने झालेत तिला.
हात चांगला आहे, घाई नाही,
पण केपाच्या एका तासाचे तिचे अडीच.
हे तिच्यासमोर कसं म्हणायचं?
नाहियाच म्हणते, "माझे अडीच धरा."

गार्बिन्ये उलट्या क्रेटवर बसते,
कार्डाच्या पाठीवर पेन्सिल चालवते.
शाफ्टला केपाचे चौदा. म्हणजे नाहियाचे पस्तीस.
खाली सहा: जॉब बांधणं, चाक साफ करणं,
पहिलं माप चुकणं, दुसरं घेणं.
पाच आणि सहा अकरा. एकावर एक.

खांद्यावरून ओयहान वाकलेला.
"एकतीस! बसतंय की!"

"हातचा राहिला," ती म्हणते.

एक्केचाळीस.
वरच्या स्क्रीनवर अजून अडतीस हिरवे आहेत.
सगळ्या हिशेबात राहून जातो तो हाच,
ओळीच्या वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलेला:
पट्टा बांधलेलं मनगट,
अडीच कबूल करणारी मुलगी.

फोन ती स्वतः करते. ओयहानला करू देत नाही.
पलीकडे वारा, समुद्रपक्षी, आणि चोमिन, बोटीचा मालक.
"शुक्रवारी नाही," ती सांगते. "त्यानंतरच्या मंगळवारी."
तो शिव्या देतो. बास्कमध्ये देतो, मग स्पॅनिशमध्ये,
बास्कमधल्या कमी पडतात म्हणून.
ती ऐकून घेते.
कार्ड खिशात, अंगाच्या उबेने मऊ होत चाललेलं.

मग नुसता वारा.
मग तो विचारतो,
"मंगळवारी सकाळी, की संध्याकाळी?"

पेन्सिल म्हणते, सोमवारीच दुपारी उरकेल.
ती नाहियाकडे बघते.
नाहिया केपाशेजारी उभी, डोळे मिटून,
चाकाचा आवाज ऐकायला शिकत.

"संध्याकाळी," गार्बिन्ये म्हणते,
आणि थोडा वेळ
हातचा ठेवते.