अर्धा खजूर

तीस गळीत हंगाम मी साखर मोजली.
रसाचा ब्रिक्स, मळीची शुद्धता, दाण्याचा आकार.
रात्रपाळीत नळीला डोळा लावून
गोडाला आकडा दिला
आणि रजिस्टरात सही केली.

घरातली साखर मात्र मोजली
कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या पोरीनं,
रत्नमालाच्या बोटातून एक थेंब घेऊन.
उपाशीपोटी दोनशे बारा.
मी आधी युनिट तपासलं. सवय.

तेव्हापासून सभासदाच्या वाट्याची गोणी
दाराआड उभी आहे, तोंड शिवलेली.
मुंग्यांना तिचा पत्ता माहीत आहे,
आम्ही दोघं तिकडं बघत नाही.

चहा तिनं एका दिवसात सोडला.
बिनसाखरेचा चहा म्हणजे काढा, म्हणाली,
आणि काढा प्यायला मी काय आजारी हाय?

राहिली कॉफी.
तिच्या बहिणीनं बिदरहून दिलेलं पितळी फिल्टर
फडताळात होतं.
वरच्या भांड्याला भोकं, हवा खेळती,
म्हणून त्यात लसूण ठेवलेला.

पहिली कॉफी लसणाची झाली.
दुसरीत गूळ घातला,
निलंग्याच्या मेहुण्याच्या गुऱ्हाळातला, काळसर,
औषध न मारलेला.
दूध फाटलं.
तिसऱ्यांदाही फाटलं.
चौथ्यांदा मी वही काढली, रकाने आखले,
दूध किती, गूळ किती, उकळी किती मिनिटांनी.

ती ओट्याला टेकून बघत होती.
"काय करलालाव ओ?
आच बंद करा की आधी.
जरा दम खाऊ द्या त्याला.
मग घाला गूळ."

मग पदराला हात पुसत, माझ्याकडं न बघता,
"तुमच्याशी बी मी असंच बोलते की,
इतकी वर्षं."

रोजे संपल्यावर नुसरतभाभींनी
भिंतीवरून डबा दिला, उरलेल्या खजुराचा.
बिया काढायच्या, रात्री कोमट पाण्यात भिजवायचे,
लाईट असली तर मिक्सर,
नसली तर पाटा, आणि मनगट.
रंग कॉफीचाच येतो,
जणू दोघं एकाच गावचे.

पण मी केमिस्ट आहे.
खजूर म्हणजे साखर, गूळ म्हणजे साखर,
पोळ्यातला मध, तोही तोच.
नाव बदलून कारकून फसतो,
रक्त फसत नाही.
म्हणून अर्धा खजूर. तिच्या कपात अर्धा,
माझ्यात उरलेला,
कारण तिनं फिक्कं प्यावं
आणि मी शेजारी बसून गोड,
हे कुठल्या प्रयोगात बसतं?
वर एक वेलदोडा ठेचून.
जीभ भोळी असते,
वासालाच थोडी गोडी समजते.

लातूरला नळ दहा दिवसांनी सुटतो, पहाटे चारला.
माझे डोळे आपोआप उघडतात,
कारखान्याचा भोंगा अजून अंगात आहे.
ती अंगणात पाईप धरून बॅरलपाशी,
मी आत फिल्टरपाशी.
तिकडं धार, इकडं थेंब.
मधे भिंतीएवढा अंधार,
आणि पलीकडं नुसरतभाभींची मोटर सुरू झालेली.

आच बंद केली.
शंभर आकडे मोजले.
खजुराचा लगदा घातला, ढवळला,
चमचा वर काढून दिव्याखाली धरला,
जसा पूर्वी पाकाचा दाणा धरायचो.

उंबऱ्यात बसून ती प्याली. एक घोट. दुसरा.
साडीचा काठ ओला, पाय चिखलात.
"फिक्की हाय," म्हणाली,
आणि कप शेवटपर्यंत रिकामा केला.

या महिन्याचा आकडा एकशे अठ्ठावन्न.
वहीत लिहिला. कुणाला सांगितला नाही,
एवढ्यावर सांगायचं नसतं,
कधी कधी यंत्रही दयाळू असतं.
शेवटच्या रकान्यावर शेरा असं लिहिलंय.
तिथं बराच वेळ पेन थांबला.
मग लिहिलं: फाटलं नाही.

तिनं चष्म्याशिवाय वाचलं, किंवा नाही वाचलं.
फिल्टर विसळून उपडं घालत म्हणाली,
"ते समदं ऱ्हाऊ द्या.
आता लसूण कशात ठिवू?"