गिअर न्यूट्रलमध्ये

फेब्रुवारीत एखाद्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो
(फॅरनहाइटची चाळिशी, पण रुबाब तेवढाच)
आणि लोरेन अ‍ॅव्हेन्यूवर गाड्यांची रांग
पार दातांच्या दवाखान्यापर्यंत जाते.
लाल गाड्या, निळ्या गाड्या, अजून हप्ते न फिटलेल्या,
सगळ्या एकाच रंगाच्या:
वाळलेल्या मिठाच्या.

मी बोगद्याच्या तोंडाशी. हातात प्रेशरची नळी.
रबरी मोज्यांच्या आत लोकरी मोजे,
तरी अंगठा चार वाजता हरवतो, सहाला सापडतो.
आधी चाकांच्या कमानी, मग दाराखालची पट्टी,
मग मागचा बंपर, जिथं मीठ
जुन्या किटलीतल्यासारखं थर धरून बसतं.
ओडेल हातानं खुणावतो: ये, ये, जरा डावीकडे, बस.
गिअर न्यूट्रलमध्ये. ब्रेकवरचा पाय काढा. स्टिअरिंग सोडा.
बावीस वर्षं हीच तीन वाक्यं;
म्हणतो, एखाद्या रविवारी चर्चमध्ये तोंडून निसटतील.
लोकांना तिसरं जड जातं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे मीठ स्वतःच खातं, आणि कुणालाच जागत नाही.
गाडी घसरू देत नाही, आणि तिचाच पत्रा खातं,
ब्रेकच्या नळ्या, पुलाच्या सळया,
कुत्र्यांच्या पंजांना चिरा पाडतं.
आणि नसतं तर
आपण सगळे डिसेंबरातच नाल्यात असतो.

येतं कुठून, ते क्लीव्हलँडमध्ये सगळ्यांना ठाऊक,
पाहिलेलं फार थोड्यांनी.
एरी तळ्याच्या खाली. पाण्याच्या खाली नव्हे,
पाण्याच्या तळाच्याही खूप खाली.
एमिल ह्रुस्का एकतीस वर्षं तिथं उतरत होता.
सांगायचा, खाली बारा महिने एकच ऋतू,
फक्त जिभेला कळतो.
दर शनिवारी हिरवा पिकअप घेऊन यायचा.
'आठवडाभर मी काढतो, शनिवारी तू काढ,'
एवढा एकच विनोद, आणि दोन डॉलर.

शेवटच्या हिवाळ्यात गाडी मार्लीन चालवायची,
तो शेजारी बसायचा, बोलायला दम पुरायचा नाही.
विनोदाच्या जागी नुसती भुवई उडवायचा.
मार्चमध्ये गेला.

त्यानंतरही शनिवार चुकला नाही.
पिकअप घरून इथं, इथून घरी, बाकी कुठं जात नाही.
दोन बोटं काच खाली: 'फक्त बाहेरून, बाई.'
एकदा दाराची कड पुसताना मी पाहिलं होतं:
शेजारच्या सीटपुढच्या काळ्या मॅटवर
बुटाचा ठसा. पांढरी रेघ, टाचेपाशी जाड.
बर्फ वितळून गेलं, मीठ राहिलं.
मी दार हळू लावलं होतं.

जेव्हॉनला सांगायचं राहून गेलं.
पोरगा नवा, सोमवारी लागलेला, मनानं चांगला.
ती आत कॉफी घ्यायला गेली
तेवढ्यात त्यानं व्हॅक्यूम फिरवला,
मॅट काढून झटकली, ब्रशनं घासली,
पैसेही मागितले नाहीत.

ती येऊन बसली. पट्टा लावला. शेजारी पाहिलं.
मी नळी धरून उभी, पाणी माझ्याच बुटांवर.
मग काच खाली झाली, या वेळी पूर्ण.
'छान केलंस,' ती जेव्हॉनला म्हणाली
आणि त्याच्या हातावर दोन डॉलर ठेवले.

ओडेलची तीन वाक्यं.
फेस, चिंध्यांचे झुलते पडदे, खालून फवारे, गरम वारा.
पलीकडे हिरवा दिवा लागला.
पिकअप हलेना.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला;
ओडेलनं वळून नुसतं पाहिलं,
दुसरा वाजला नाही.

पाणी जाळीतून खाली जात होतं.
वाळू टाकीत अडते, मीठ अडत नाही,
ते नदीत जातं, नदी तळ्यात.
रेडिओवर म्हणत होते, रात्री सहा इंच.
गेली ती शेवटी. वळण घेताना इंडिकेटर लावला,
रस्ता रिकामा असूनही.

मी पुढच्या गाडीची कमान धरली.