काथ्या

दक्षिणेची भिंत : जाडी दोन फूट नऊ इंच.
उत्तरेची : दोन फूट साडेसात.
टेपचं दुसरं टोक धरून हुसैन माखजनकर सांगतो,
"तिकडनं वारा नाय ना येत, साहेब."
मी आकडे लिहितो.
वहीत वाऱ्याला रकाना नाही.

वेळसुऱ्याच्या सड्यावरचं हे गोऱ्यांचं देऊळ,
गावात अजून हेच नाव.
जांभा इथलाच. मागच्या खाणीत आता पाणी साठतं,
म्हशी बसतात.
चुन्यात गूळ, हिरडा, भाजलेल्या शिंपल्या;
नखानं खरवडून बघितलं, दाद देत नाही.
खिडक्या मात्र विलायतेतल्या कुठल्याशा खेड्याच्या.
कागदावर चित्र आलं असणार बोटीनं,
गवंड्यानं ते उलटसुलट पाहिलं असणार,
कारण तिसऱ्या कमानीचं टोक
जरा डावीकडे कललंय.
तसंच राहिलं.

मनोरा दुसऱ्या मजल्यावर थांबला.
पैसे संपले म्हणतात,
कर्नल तापानं गेला असंही म्हणतात.
घंटा शाळेत नेली. साडेदहाला वाजते.

भिंतीत संगमरवर :
एलायझा, वय सात महिने.
खाली तिचा भाऊ. वय नाही, नावही नाही.
हुसैनची आई या दगडापाशी
अबोलीचा वळेसर ठेवायची.
का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.
"तिची पण एक गेली होती," तो म्हणतो,
आणि टेप गुंडाळायला लागतो.

मग शिडी लावली.
साग. खिळा एकही नाही, नुसत्या खुंट्या.
वासे सरळ नाहीत, बाक भरत भरत वर जातात
गलबताच्या वाकांसारखे,
आणि पठाण असावं तिथे आढं.
दोन फळ्यांच्या सांध्यात सहज बोट घातलं.
काथ्या.
राळेत भिजवून ठासलेला,
काळा, कडक,
अख्ख्या छपरभर, एकही सांधा न सोडता.

दप्तरात वाळवीनं अर्धी ठेवलेली हिशेबवही आहे :
धाकू सुतार, बंदरावरचा, मजुरी.
काथ्या दोन मण. राळ अठरा शेर.
पुढे पाद्र्याचा लाल शेरा : कशासाठी?
उत्तर नाही.
पैसे दिलेले दिसतात.

धाकूला येत होतं ते एकच.
छप्पर सांगितलं, त्यानं गलबत बांधलं,
फक्त पालथं.
"पावसात होड्या पालथ्याच असतात की,"
खालून शिडी धरलेला हुसैन,
जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

गळतं एकाच ठिकाणी, पूर्वेच्या कोपऱ्यात,
एक्क्याऐंशी साली आमच्याच खात्यानं
फळ्या काढून पत्रे बसवले तिथे.
त्या कामाच्या वहीवरची सही ओळखीची :
माझे पहिले साहेब.
टेप ताणून कसा धरायचा
ते त्यांनीच शिकवलं मला.

संध्याकाळी पायरीवर बसून अंदाजपत्रक केलं.
पत्रे उतरवणे. सागाच्या फळ्या, चौरस फूट अमुक.
काथ्या, किलो ऐंशी.
जिल्ह्याला विचारतील, माहीत आहे, कशासाठी.
समोरचा रकाना कोरा ठेवून पेन खिशाला लावलं.
हुसैननं कुलूप घातलं,
एकदा हिसडून पाहिलं,
भरतीआधी दोर बघावा तसं.