मामाचं वजन

तोएतूमामा वजनकाट्यावर चढतो तेव्हा
काटा आधी दचकतो, मग विचार करतो,
मग एकशे अडतीसवर येऊन टेकतो.
नर्स आकडा लिहून घेते.
मामा तिलाच विचारतो, "घाबरलीस?"

साखर मात्र त्याची नितळ.
उपाशीपोटी, जेवल्यावर, कधीही बोट टोचा,
प्रवाळाच्या आतल्या पाण्यासारखी, लाट नाही.

आणि माझी आई, त्याच्या पाठची,
त्याच्याच ताटात जेवून वाढलेली,
अंगानं त्याच्या निम्मी,
आपियाच्या इस्पितळात सोमवार, बुधवार, शुक्रवार
चार-चार तास यंत्राला रक्त उसनं देते
आणि धुऊन परत घेते.

त्या रविवारी उमूचे दगड बाजूला करताना
एक तापलेला तिच्या पायाखाली गेला.
ती त्यावर उभी राहून
टारोची पानं मोजत होती.
वास आम्हाला आला.
"कुणाचं डुक्कर करपलं?" म्हणाली.
दोन बोटं त्या महिन्यात गेली,
तिसरं नाताळच्या आधी.

पूर्वी कधीतरी गावात माणसं आली होती,
थंडपेट्या, मोजपट्ट्या, फार नम्र हसू.
रक्त घेऊन गेली. वर्षांनी परतून सांगितलं,
तुमच्यातल्या कितीतरी जणांत
एका ठिकाणी एक अक्षर वेगळं आहे.
ते माणसाला जाड करतं
आणि बहुधा तेच साखरेला दारातून परतवतं.
मामाकडे ते आहे.
आईकडे नाही.

मी शाळेत शिकवते, मला नवल नाही वाटलं.
आमच्यात 'फाई' म्हणजे करणं,
आणि मध्येच घसा किंचित अडला
की तोच शब्द केळं होतो.

ते असंही म्हणाले, पूर्वज होड्यांतून आले,
उपाशी; अंगावर चरबी होती ते तगले,
असा एक अंदाज आहे.
आई म्हणाली, "उपाशी?
खाली सगळा समुद्र माशांचा होता.
आमच्या लोकांना गळ टाकता येत नव्हता की काय?"
मग जरा थांबून,
"त्या होडीत टर्कीच्या शेपट्या नव्हत्या, एवढं खरं.
डब्यातलं बीफही नव्हतं.
ते नंतरच्या जहाजानं आलं.
त्या जहाजाचं रक्त कुणी तपासलं?"

मामाची किडनी जुळली.
ऑकलंडच्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले,
म्हणाल्या, सगळं उत्तम,
पण इतक्या वजनाच्या माणसाला
आम्ही टेबलावर घेत नाही.
अठ्ठावीस किलो उतरवा, मग या.
म्हणजे ज्या अक्षरानं त्याला राखलं
त्यानंच त्याचा हात धरून ठेवला,
नेमका देतानाचा.

आता पहाटे समुद्राच्या कठड्याकडेनं
मामा चालतो. कुत्री मागे, मिरवणुकीसारखी.
घराघरांतून बायका हाक देतात, ये, खाऊन जा.
नाही म्हणणं आमच्याकडे शिवीइतकं लागतं.
तो ताट घेतो, आशीर्वाद देतो,
कोपरा वळला की कुत्र्यांपुढे रिकामं करतो.
चार महिन्यांत अकरा किलो.
कुत्री गलेलठ्ठ.

यंत्राला लावण्याआधी आईचंही वजन करतात,
दोन दिवसांत अंगात साठलेलं पाणी मोजायला.
आज दोन किलो आठशे.
मामा शेजारी येऊन बसला, खुर्ची करकरली.
आई डोळे मिटूनच म्हणाली,
"फार नको उतरूस.
तू बसलास की खिडकीचं ऊन अडतं."

तो काही बोलला नाही.
उठून त्यानं खुर्ची थोडी सरकवली,
ऊन जिथून येत होतं तिकडे.